आयएसओ बदलता येत नाही, मग फिल्मवर फोटो काढणारे काय करतात? कोल्हापूरच्या एका दिवसाचं गणित

चैत्रातली पहाट. कोल्हापुरातल्या एखाद्या तालमीत पाच वाजता दोन ट्यूबलाइटच्या उजेडात पोरं लाल मातीत उतरलेली असतात. त्याच दिवशी दुपारी बारा वाजता जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचत असतात आणि रणरणत्या उन्हात गुलाल उधळला जात असतो. संध्याकाळी सव्वासात वाजता रंकाळ्यावर सूर्य बुडालेला असतो, आकाशात थोडा उजेड शिल्लक असतो आणि काठावर भेळेच्या गाड्यांवरचे दिवे लागलेले असतात.

डिजिटल कॅमेरा गळ्यात असेल तर या तिन्ही ठिकाणी फारसा विचार करावा लागत नाही. तालमीत आयएसओ ३२०० करायचा, डोंगरावर १०० वर आणायचा, रंकाळ्यावर पुन्हा वाढवायचा. एक चकती फिरवली की काम झालं. बरेचसे कॅमेरे तर तेही स्वतःच करतात.

आता त्याच माणसाच्या हातात फिल्मचा कॅमेरा द्या. पहाटे त्याने ३६ फोटोंचा एक रोल भरला आणि रोलच्या डब्यावर ४०० लिहिलेलं आहे. तो रोल संपेपर्यंत हा आकडा त्याच्यासोबत तालमीत येणार, डोंगर चढणार आणि रंकाळ्यावरही येणार. तालमीतल्या आणि भर दुपारच्या उन्हातल्या उजेडात साधारण ५०० पटींचा फरक असतो. डोळ्यांना तो जाणवत नाही, कारण डोळे गुपचूप जुळवून घेतात. फिल्म जुळवून घेत नाही.

गेल्या काही वर्षांत तरुण मंडळी पुन्हा फिल्मकडे वळली आहेत. आजोबांच्या कपाटातला कॅमेरा बाहेर निघतो, रोल मागवला जातो आणि पहिला रोल धुऊन आला की निम्मे फोटो काळे किंवा हललेले निघतात. दोष कॅमेऱ्याचा आहे असं वाटतं. बहुतेक वेळा गडबड झालेली असते ती या एका आकड्याची.

डब्यावरचा आकडा म्हणजे नेमकं काय?

फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीच्या संयुगांचे बारीक स्फटिक पसरलेले असतात. हुपरीच्या पैंजणांत असते तीच ही चांदी, फक्त इथे ती ब्रोमिन, आयोडिन यांच्याशी जोडलेली असते. प्रकाश पडला की स्फटिकात डोळ्यांना न दिसणारा बदल होतो आणि रोल धुताना, म्हणजे डेव्हलप करताना, तोच स्फटिक काळ्या चांदीचा कण बनतो. रंगीत फिल्ममध्ये त्याच्याभोवती रंग तयार होतो आणि चांदी नंतर काढून टाकली जाते.

पावसात अंगणात वाट्या आणि पराती ठेवल्या तर कुणात जास्त पाणी पडेल? परातीत, कारण तिचं तोंड मोठं. स्फटिकांचंही तसंच आहे. मोठा स्फटिक कमी उजेडातही पुरेसा प्रकाश पकडतो, म्हणून ती फिल्म 'वेगवान' ठरते. पण मोठे स्फटिक फोटोत दाण्यांसारखे दिसतात. बारीक स्फटिकांची फिल्म गुळगुळीत, तपशीलवार चित्र देते, मात्र तिला उजेड भरपूर लागतो.

आयएसओ हा या वेगाचा आकडा. जुने स्टुडिओवाले त्याला अजून एएसए म्हणतात, आकडा तोच. १०० पेक्षा २०० ची फिल्म दुप्पट वेगवान, ४०० ची चौपट. प्रत्येक दुपटीला फोटोग्राफर 'एक स्टॉप' म्हणतात. तालमीतल्या आणि डोंगरावरच्या उजेडातला ५०० पटींचा फरक म्हणजे नऊ स्टॉप.

स्फटिक किती मोठे असावेत हे कारखान्यातच ठरतं. म्हणून रोल कॅमेऱ्यात गेल्यावर आकडा बदलता येत नाही. गंमत अशी की डिजिटल सेन्सरची मूळ संवेदनक्षमताही बदलत नसते. आयएसओ वाढवला की कॅमेरा सेन्सरकडून आलेला क्षीण संदेश वाढवून घेतो, रेडिओचा आवाज वाढवावा तसा. सोबत खरखरही वाढते. फिल्ममध्येही असा 'आवाज' वाढवता येतो, त्याबद्दल पुढे येईलच. फरक एवढाच की डिजिटलमध्ये तो प्रत्येक फोटोला वेगळा ठेवता येतो आणि फिल्ममध्ये अख्ख्या रोलला एकच ठेवावा लागतो.

कोल्हापूरला हा प्रश्न नवा नाही

खरी कॉर्नरला कॅमेरा स्तंभ आहे. वीर, राजे आणि पुढाऱ्यांचे पुतळे गावोगावी असतात, पण कॅमेऱ्याचं स्मारक उभारणारी गावं फारशी नसतील. हे स्मारक महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या आठवणीचं आहे आणि त्या कंपनीची सगळी कामगिरी एका मंद, न बदलणाऱ्या फिल्मशी झगडून उभी राहिली.

कंपनीचे संस्थापक बाबूराव पेंटर. जन्म १८९० चा, कोल्हापूरचा. मावसभाऊ म्हणा, चुलतभाऊ म्हणा, नात्याने भाऊ असलेल्या आनंदरावांबरोबर ते नाटकांचे पडदे रंगवत. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये आला आणि या दोघांना सिनेमाने झपाटलं. स्वतःचा कॅमेरा बनवण्याची खटपट सुरू असतानाच १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने तो कॅमेरा पुरा केला, कंपनी उभारली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला.

कॅमेरा घरी बनवता आला. फिल्म मात्र परदेशातूनच यायची आणि ती जशी येईल तशी वापरावी लागायची. तेव्हा डब्यावर आजच्यासारखा आकडाही नसायचा. एएसए हे माप अमेरिकेत १९४३ मध्ये प्रमाणित झालं आणि जर्मन मापाशी जोडून त्याचं आयएसओ झालं १९७४ मध्ये. कोणत्या उन्हात किती प्रकाश द्यायचा हे छायालेखकाला तुकडे जाळून, म्हणजे चाचणीचे तुकडे धुऊन, स्वतःच शिकावं लागे.

ती फिल्म आजच्या १०० च्या रोलपेक्षाही बरीच मंद होती. त्यात सिनेमाची आणखी एक अडचण होती. स्थिर फोटो काढणारा उजेड कमी पडला तर शटर जास्त वेळ उघडं ठेवू शकतो. सिनेमाचा कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवायचा आणि सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रं घ्यायची. मग एका चित्राला वेळ मिळणार तो सेकंदाच्या काही अंशाएवढाच. फिल्म ठरलेली, शटरची वेळ ठरलेली, भिंगाचं छिद्र एका मर्यादेपलीकडे मोठं होत नाही. बदलण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे प्रकाश.

आणि प्रकाश म्हणजे सूर्य. म्हणून त्या काळचे दरबार, महाल आणि अंतःपुरं उघड्या आकाशाखाली उभी असायची. कडक ऊन मऊ करायला वर पांढरं कापड ताणायचं, सावलीची बाजू उजळायला पांढरे किंवा चकचकीत फलक धरायचे. चित्रीकरणाचं वेळापत्रक कंपनीचा मालक ठरवत नसे, ते ऊन ठरवत असे. रात्रीचा प्रसंग दिवसाच चित्रित करून फिल्म निळ्या रंगात बुडवण्याची युक्ती जगभरच्या मूकपटांत चालायची. प्रेक्षकांनाही निळा पडदा म्हणजे रात्र हे पाठ झालेलं होतं.

बाबूरावांना ते पुरेसं वाटलं नाही. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी कृत्रिम दिव्यांचा वापर केला आणि भारतीय चित्रपटातला असा सुरुवातीचा प्रयोग म्हणून त्याची नोंद होते. तानाजीची स्वारी रात्रीची, तिला दुपारचं ऊन कसं चालेल? फिल्मचा वेग वाढवता येत नव्हता, तेव्हा त्यांनी उजेड वाढवला. पडदे रंगवणाऱ्या माणसाला प्रकाश कुठून यावा याची समज आधीपासूनच असणार. ती इथे कामी आली असं मानायला हरकत नाही.

त्या फिल्मची आणखी एक खोड होती. ती तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी होती. ऑर्थोक्रोमॅटिक म्हणतात तिला. लाल ओठ काळे दिसायचे आणि निळं आकाश पांढरंफटक. सगळे रंग पाहू शकणारी पँक्रोमॅटिक फिल्म विसाव्या दशकाच्या उत्तरार्धात सर्रास रुळली. पण ऑर्थो संपलेली नाही. इल्फर्ड आजही ऑर्थो प्लस नावाचा रोल विकते आणि त्याच्यासाठी दोन आकडे देते. उन्हात ८० आणि पिवळ्या बल्बच्या उजेडात ४०. बल्बच्या उजेडात तांबडा भाग जास्त, तो या फिल्मला दिसत नाही, म्हणून तिचा वेग तिथे निम्मा होतो. म्हणजे 'न बदलणारा' आकडासुद्धा दिव्यागणिक थोडा बदलतो. तालमीतली लाल माती अशा रोलवर घेतली तर काळीभोर येते, हे पाहण्यासारखं असतं.

याच कंपनीत घडलेले दामले, फत्तेलाल आणि शांताराम यांनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढण्यात पुढाकार घेतला. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

सगळ्यात कठीण फोटोसाठी रोल निवडायचा

आता पुन्हा त्या चैत्रातल्या दिवसाकडे. दुकानात किंवा ऑनलाइन पाहिलं तर आकड्यांचे तीन-चार गट दिसतात. एकटाक्रोम १०० किंवा एफपी४ प्लस १२५ असे मंद रोल. कोडॅक गोल्ड २००. मग ४०० चा मोठा घोळका, ज्यात पोर्ट्रा, अल्ट्रामॅक्स, ट्राय-एक्स, एचपी५ प्लस येतात. शेवटी ३२०० लिहिलेले दोन-तीन. एके काळी यात उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू'ही असायचा.

नवखा माणूस दिवसाची सरासरी काढतो. दिवसभर ऊन आहे ना, मग १०० घेऊ. इथेच चूक होते. रोल निवडायचा तो ज्या फोटोशिवाय दिवस वाया गेला असं वाटेल त्या फोटोसाठी, आणि त्यातही सर्वांत अंधाऱ्या जागेसाठी. कारण साधं आहे. जास्तीचा उजेड टाकून देता येतो. भिंगाचं छिद्र लहान करा, शटर वेगवान करा, काळी काच लावा. नसलेला उजेड आणता येत नाही, निदान बाबूरावांसारखे दिवे उभे केल्याशिवाय तरी नाही.

आकडेमोड एकदा करून पाहिली की हे पटतं. तालमीतल्या ट्यूबलाइटच्या उजेडात ४०० च्या रोलवर छिद्र एफ/२ एवढं मोठं ठेवलं तर शटर १/६० सेकंदाला येतं. बसलेल्या वस्तादांचा फोटो या वेळेत छान येईल. पण पट काढायला झेपावलेला पैलवान १/६० सेकंदात बराच पुढे जातो आणि फोटोत धुरकट पट्टा उरतो. त्याला थांबवायला निदान १/२५० हवं. म्हणजे चौपट वेग, १६०० चा रोल. १०० चा रोल असता तर शटर १/१५ ला आलं असतं आणि मग पैलवान राहू द्या, हातही हलला असता.

फ्लॅश हा पर्याय कागदावर आहे. पण लढतीच्या ऐन भरात डोळ्यांवर झगमगाट पाडणाऱ्याला वस्ताद दुसऱ्या दिवशी आत घेतीलच असं नाही, आणि ते योग्यच आहे.

४०० ला १६०० म्हणायचं

इथे फिल्मवाल्यांची जुनी युक्ती येते, ती म्हणजे पुश करणे. रोल ४०० चाच घालायचा, पण कॅमेऱ्यावरची चकती १६०० वर ठेवायची. मीटर फसतं आणि प्रत्येक फोटोला चौथा हिस्साच प्रकाश देतं. ही उधारी रोल धुताना फेडायची. एचपी५ प्लस हा रोल आयडी-११ या रसायनात २० अंश सेल्सिअसला एरवी साडेसात मिनिटं धुतात. १६०० वर वापरला असेल तर १४ मिनिटं. जास्त वेळ मिळाल्यामुळे अर्धवट जागे झालेले स्फटिकही काळे पडतात.

सगळी उधारी मात्र फिटत नाही. ज्या स्फटिकांवर प्रकाश पडलाच नाही ते कितीही वेळ धुतलं तरी जागे होत नाहीत. म्हणून पुश केलेल्या फोटोत सावल्या कोऱ्या काळ्या होतात, उजळ भाग आणखी उजळ होतो आणि दाणे उठून दिसतात. तालमीपुरतं बोलायचं तर हे नुकसान फारसं सलत नाही. कोपरे अंधारात बुडाले आणि घामाने ओले खांदे तेवढे चमकले तर चित्र बिघडत नाही. देवघरातल्या आजीच्या चेहऱ्यावर मात्र हीच गोष्ट क्रूर वाटू शकते.

मग सरळ ३२०० चा रोल का घेऊ नये? घेता येतो, पण डब्यावरच्या आकड्यामागे थोडी जाहिरात आहे. इल्फर्डच्या डेल्टा ३२०० चा प्रमाणित वेग १००० आहे. कोडॅकच्या टी-मॅक्स पी३२०० ची गतही तीच, आणि त्याच्या नावातला 'पी' पुशचाच. म्हणजे हे रोलही शेवटी जास्त वेळ धुऊनच तिथे पोहोचतात. फक्त ते त्यासाठी बेतलेले असतात, म्हणून सावल्या थोड्या बऱ्या येतात. महागही असतात. तालमीत रोज जाणाऱ्याने ते घ्यावेत. एका पहाटेसाठी पुश केलेला ४०० चा कृष्णधवल रोल पुरेसा आहे.

रंगीत निगेटिव्ह रोलला उलट बाजूचं जास्त सोसतं. पोर्ट्रासारख्या रोलला दोन स्टॉप जास्त प्रकाश मिळाला तरी फोटो बहुधा छान येतो, कमी मिळाला की रंग मळके होतात आणि सावल्या चिखलासारख्या दिसतात. त्यामुळे अनेक जण ४०० चा रंगीत रोल मुद्दाम २०० वर वापरतात. स्लाइड फिल्मला तर अर्धा स्टॉपही इकडचा तिकडे चालत नाही. पहिला रोल म्हणून स्लाइड घेणं म्हणजे पोहायला शिकण्यासाठी पावसाळ्यातली पंचगंगा निवडणं.

डोंगरावर उलटी पंचाईत

पहाटे १६०० वर वापरलेला रोल बारा वाजता जोतिबावर पोहोचतो. वीस फोटो झालेत, सोळा बाकी आहेत. आता उजेड इतका आहे की काय करावं कळत नाही.

भर उन्हासाठी एक जुना, मीटरशिवाय चालणारा नियम आहे. छिद्र एफ/१६, आणि शटर म्हणजे एक भागिले फिल्मचा आकडा. १०० च्या रोलला १/१००, ४०० ला १/४००. आपल्या रोलला १/१६०० पाहिजे. पण आजोबांच्या काळातले अनेक कॅमेरे १/१००० वर थांबतात, काही तर १/५०० वरच. मग छिद्र एफ/२२ करावं लागतं. फोटो येतो, पण पुढच्या सासनकाठीपासून मागच्या नारळाच्या दुकानापर्यंत सगळंच स्पष्ट येतं आणि गर्दीत नजर कुठे ठेवावी ते समजत नाही. एकाच चेहऱ्यावर नजर खिळवून मागचं धूसर करायचं असेल तर छिद्र मोठं हवं आणि तेच आता परवडत नाही.

यावरचा उपाय म्हणजे भिंगापुढे लावायची राखाडी काच, एनडी फिल्टर. आठपट प्रकाश अडवणारी काच लावली की १६०० चा रोल २०० सारखा वागतो आणि १/१००० ला छिद्र एफ/८ पर्यंत उघडता येतं. एसएलआर कॅमेऱ्यात मात्र दृश्यही तेवढंच काळवंडतं आणि फोकस करताना डोळे ताणावे लागतात.

कृष्णधवल रोल असेल तर राखाडी काचेपेक्षा लाल काच मजेदार ठरते. तीही साधारण आठपट प्रकाश खाते. शिवाय निळं आकाश गडद करते आणि तांबडे-गुलाबी रंग उजळवते. गुलालाने माखलेली माणसं जवळजवळ पांढरी दिसू लागतात आणि वर आकाश काळसर. खरं दृश्य असं नसतं, पण उन्हाची ती धग अशा फोटोत जास्त जाणवते असं म्हणणारे बरेच आहेत.

दुसरा मार्ग अर्धा वापरलेला रोल काढून ठेवण्याचा. फोटोचा क्रमांक लिहून ठेवायचा, रोल मागे गुंडाळताना शेपूट पूर्ण आत जाऊ द्यायचं नाही, फिल्म सुटल्याचा आवाज आला की थांबायचं. मग १०० चा रोल भरायचा. संध्याकाळी पहिला रोल परत घालताना भिंगावर झाकण ठेवून, सर्वांत वेगवान शटर आणि सर्वांत लहान छिद्रावर, लिहिलेल्या क्रमांकाच्या एक-दोन पुढे जाईपर्यंत नुसतं क्लिक करत राहायचं. एक-दोन फोटो वाया जातात, पण ते एकावर एक येण्यापेक्षा बरं. हे सगळं गुलालाच्या धुरळ्यात मात्र करू नये. कॅमेऱ्याच्या आत बसलेला एक कण पुढच्या प्रत्येक फोटोवर लांबच लांब ओरखडा काढू शकतो. गाडीत बसून, काचा वर करून, हात पुसून रोल बदललेला बरा.

पूर्वी वर्तमानपत्रांचे आणि लग्नाचे छायाचित्रकार दोन कॅमेरे गळ्यात घालत. एकात मंद रोल, दुसऱ्यात वेगवान. बघणाऱ्याला ती ऐट वाटायची, पण खरं कारण बहुतेकदा हा आकडाच असायचा. आज जुना दुसरा कॅमेरा मिळणं फारसं कठीण नाही. एकाच जातीचे घेतले तर भिंगंही दोन्हीकडे चालतात. रोल अर्ध्यात काढण्याच्या कसरतीपेक्षा हे सोपं आहे, मान थोडी दुखते इतकंच.

रंकाळ्यावर थांबण्याची वेळ

संध्याकाळी सव्वासातचा उजेड उतरत उतरत पहाटेच्या तालमीएवढा होतो. पुश केलेला रोल पुन्हा कामाला येतो. एफ/२, १/२५०, हातात धरून भेळवाल्याचे हात आणि गॅसचा उजेड टिपता येतो.

पण पाण्यावर पडलेल्या दिव्यांच्या लांब रेघा हव्या असतील तर १०० किंवा १२५ चा मंद रोल आणि तिपाईच बरी. तळं कुठे पळून जात नाही. एफ/८ ला एक सेकंद, आणखी अंधारलं की आठ-दहा सेकंद. इथे मात्र फिल्म नवं लफडं काढते. शटर सेकंदापेक्षा जास्त उघडं राहिलं की फिल्मचा वेग मंदावू लागतो. थेंब-थेंब येणारा प्रकाश स्फटिकाला जागं करायला कमी पडतो. एफपी४ प्लससाठी इल्फर्डच्या सूत्रानुसार मीटरने १० सेकंद सांगितले तर प्रत्यक्षात सुमारे १८ द्यावे लागतात. डिजिटलमधून आलेल्यांना हे माहीत नसतं आणि त्यांचे रात्रीचे पहिले फोटो हमखास काळे येतात.

पन्हाळ्याच्या पावसाळी धुक्यात वेगळीच फसवणूक असते. सगळं मळभ दिसतं म्हणून ४०० शिवाय निघवत नाही, पण धुकं स्वतःच उजळ असतं. १०० च्या रोलवरही एफ/५.६ आणि १/१२५ पर्यंत जमू शकतं. उलट मीटर त्या पांढुरकेपणाला बिचकून प्रकाश कमी देतं आणि धुकं राखेसारखं येतं. मीटर सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप जास्त द्यावा लागतो.

चकती, डबा आणि चिकटपट्टी

एवढं सगळं गणित एका क्षुल्लक चुकीने मातीमोल होतं. नवा रोल भरला, पण आयएसओची चकती आधीच्या आकड्यावरच राहिली. चकती १०० वर आणि आत ४०० चा निगेटिव्ह रोल असेल तर प्रकाश चौपट गेला, फोटो बहुधा वाचतील. चकती ४०० वर आणि आत १०० चा रोल असेल तर चौथा हिस्साच मिळाला. तेव्हा लक्षात आलं तर अख्खा रोल तसाच संपवून दोन स्टॉप पुश करायला सांगणं हाच उपाय. धुऊन आल्यावर लक्षात आलं तर काहीच नाही.

१९८३ पासून रोलच्या डब्यांवर चंदेरी-काळ्या चौकोनांची डीएक्स खूण येऊ लागली, जी वाचून कॅमेरा आकडा स्वतः लावतो. सोय चांगली आहे. पण अनेक साध्या स्वयंचलित कॅमेऱ्यांत तो आकडा हाताने बदलताच येत नाही, म्हणजे पुश करण्याची वाट बंद. तालमीत जायचं असेल तर चकती असलेला जुना, जड कॅमेराच बरा.

रोल घरी धुणाऱ्यांना कोल्हापुरात एप्रिलमध्ये आणखी एक काम असतं. नळाचं पाणी २० अंशांपेक्षा बरंच गरम येतं आणि गरम रसायनात १४ मिनिटं म्हणजे ठरवल्यापेक्षा फारच जास्त. बर्फाच्या पातेल्यात बाटल्या ठेवून, थर्मामीटरवर नजर ठेवून पारा खाली आणावा लागतो.

आणि रोल दुसऱ्या शहरातल्या लॅबला कुरिअरने जाणार असेल, तर लॅबवाल्याला डब्यावर फक्त ४०० छापलेलं दिसतं. पहाटे पाच वाजता चकती कुठे होती हे त्याला कसं कळणार? तो साडेसात मिनिटंच धुणार आणि तालमीचे सगळे फोटो फिके, जवळजवळ कोरे निघणार. म्हणून रोल भरतानाच कॅमेऱ्याच्या पाठीवर चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, त्यावर पेनाने '४००, १६०० वर वापरला, दोन स्टॉप पुश' असं लिहायचं आणि रोल बाहेर काढला की तोच तुकडा सोलून डब्याला चिकटवायचा.